अर्थिंगला तांब्याभर पाणी

आमचा गिझर बारा वर्षांचा आहे. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बरं मग? पण अकोल्यात सांगून पाहा. ऐकणारा चहाचा कप खाली ठेवतो आणि कुठल्या कंपनीचा ते विचारतो. कंपनीचा काही संबंध नाही. आमच्याकडे नळ येतो चार-पाच दिवसांनी, ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला पुरतं. बाकी सगळी भिस्त बोअरवर, आणि खारपाणपट्ट्याच्या काठावरचं ते बोअर. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, तोट्यांवर पांढरी पुटं चढतात. असल्या पाण्यात गिझर तीन वर्षं टिकला तरी लोक त्याचे उपकार मानतात.

आमचा पहिला गिझर दुसऱ्याच वर्षी बुडातून गळायला लागला. मेकॅनिक आला, त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि पाणीच तसं आहे बाई, नवीन घ्या, असं सांगून चहा पिऊन गेला. मला राग आला. राग मला लवकर येतो, हे आमच्या घरात भिंतींनाही माहीत आहे. मी एका कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये तीस वर्षं परिचर म्हणून काम केलं. पोट्टे तारा उलट्या जोडायचे, मीटर जाळायचे आणि भोळा चेहरा करून उभे राहायचे. ते जळलेलं सगळं मी खोलून पाहायची आणि त्यातलं निम्मंअर्धं परत चालू करायची. मग घरचा गिझर खोलायला मला कोणाची भीती? गच्चीवर नेऊन उघडला.

आत पाहिलं तर गरम करणाऱ्या कॉईलवर बोटभर पांढरं कवच. मधोमध एक कांडी असते मॅग्नेशियमची, ती खाऊन खाऊन सुतळीएवढी उरलेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही कांडी झिजायसाठीच असते, ती झिजते म्हणून टाकी वाचते, आणि ती संपली की पाणी टाकीला लागतं. ती बदलायची असते हे कोणा मेकॅनिकने आजवर सांगितलं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे आपली वऱ्हाडी सवय. होळी झाली की आपण गिझरचं बटण बंद करतो, ते थेट दिवाळीला चालू करतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचंच पाणी अंगावर घेता येत नाही, तिथे गिझर कोण लावेल? पण तो आठ महिने खाऱ्या पाण्याने भरलेलाच उभा असतो. लोणचं मुरतं तसा आतून मुरत राहतो बिचारा.

मग नवीन गिझर घेतला, तो हाच, आणि तेव्हापासून माझे दोन सण ठरले. धुळवडीला गल्ली रंग खेळते आणि मी गिझर रिकामा करते. दसऱ्याच्या आधी तो खोलते, लाकडी उलथन्याने कवच खरवडते, कॉईल चिंचेच्या कोळात भिजवते, नवीन कांडी आणि नवीन रबर घालते. दसऱ्याला पूजेत माझे नट खोलायचे पाने असतात. आमचे हे इतिहासाचे शिक्षक होते. यांना बल्ब बदलता येत नाही, पण मी काम करते तेव्हा टॉर्च धरून उभे राहतात, तोही माझ्या डोळ्यांवर. झिजलेल्या कांड्या मी फेकल्या नाहीत. काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवल्या आहेत. लोक पोराबाळांची पदकं ठेवतात, मी कांड्या ठेवल्या.

तिसरं एक काम रोजचं होतं. फाटकाच्या आत, भिंतीलगत आमचा अर्थिंगचा खड्डा. जमिनीत खोल पुरलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर चार विटांचं आळं. घरातल्या कुठल्या यंत्रातून वीज गळली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावी म्हणून तो असतो. पण जमीन ओली पाहिजे. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि एरवी भेगाळलेली. म्हणून रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी त्या आळ्यात तांब्याभर पाणी ओतायची. इतकी वर्षं ओतलं की शेजारच्या बायका समजायच्या आमचं काही कुळाचं असेल. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशीने तर एकदा पाइपला हळदकुंकू लावून ठेवलं होतं.

मावशी म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली जुनी बाई. माझी पोरगी झाली तेव्हा तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं ते हिनेच. आता पोरीचं पहिलं बाळंतपण आलं, तेही माहेरी, म्हणजे आमच्याकडे. मावशी म्हातारी झाली होती, तरी म्हणाली, दुसरी कोणी आली तं पाहा.

पोरगी दिली आहे अमरावतीला. ईनबाई, म्हणजे तिची सासू, कर्तबगार बाई. घर मोठं, गच्चीवर सोलर, नळाला चोवीस तास गरम पाणी. ओटीभरणाच्या दिवशीच त्यांनी बोलता बोलता सुनावलं होतं की तुमच्याकडे पाण्याचे वांधे, थंडीचे दिवस, बाळंतपण आमच्याकडेच केलं तर? मी हसून टाळलं, पण ते शब्द मला झोंबले. पहिलं बाळंतपण माहेरचं. तो माझा मान होता आणि मी तो कोणाला देणार नव्हते. माझ्या आईने माझं केलं ते चुलीवर पाणी तापवून. मला तर हाताशी माझा स्वतःचा गिझर होता.

मग मी कंबर कसली. घर रंगवलं. खिडक्यांना नवीन पडदे केले. आणि बारशाला ईनबाई येतील तेव्हा त्यांच्या चपला मातीत जायला नकोत म्हणून फाटकापासून ओट्यापर्यंत सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. लाल आणि करडे, मधे नक्षी. गवंड्याने विचारलं, बाई, या खड्ड्याचं काय करू? मी स्वयंपाकघरातून ओरडले, नक्षी तुटू देऊ नको. हे माझेच शब्द. मला अगदी नीट आठवतात.

बाळ झालं, नात झाली. बारसं झालं. ईनबाई आल्या, अंगण पाहून म्हणाल्या, छान केलं हो. माझं पोट तेवढ्यानेच भरलं. मावशीने मात्र येता-जाता एकदा विचारलं, बाई, दारातला देव कुठे गेला वो? मी म्हटलं, तो देव नव्हता मावशी, पाइप होता.

बाळ पंचवीस दिवसांचं होतं. सकाळी आठची वेळ, बाहेर चांगली कडाक्याची थंडी. आमच्या घरचा नियम असा की बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळ. पण बाळ-बाळंतिणीला पाणी लागतं भरपूर, म्हणून त्या दिवसांत आम्ही तो चालूच ठेवत होतो. मावशी पाटावर पाय लांब करून बसली होती, बाळ तिच्या पायांवर पालथं. तिने तोटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ओल्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या. त्या म्हातारीने बाळाला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं आणि पाण्यातून पाय काढून उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. बाळाला काही झालं नाही, ते आपलं भुकेसाठी रडत होतं. पण हा झटका दिला कोणी? माझ्या घरात, माझ्या गिझरने.

मावशी उंबऱ्यावरूनच म्हणाली, "देव बुजवला तुमी. त्यानं झटका देला."

मी तिच्यावर खेकसले. आधीच जीव थाऱ्यावर नव्हता, त्यात हे. तीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये काढलेल्या बाईला ही देव सांगते, असं माझ्या मनात आलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती बाळाला कोरडं पुसत बसली.

पोरीने घाबरून नवऱ्याला फोन केला, त्याने आईला सांगितलं, आणि अर्ध्या तासात ईनबाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाल्या, दुपारपर्यंत मी येते, गाडी घेऊनच येते, पोरीला आणि बाळाला इकडे आणते. बरं म्हटलं. फोन ठेवला आणि पाने काढले.

गिझर उतरवायला नऊ वाजले. हे टॉर्च घेऊन हजर. कॉईल दसऱ्यालाच साफ केलेली, तरी मी सिरीजचा दिवा लावून पाहिला. कॉईलचं टोक आणि तिचं धातूचं अंग यांच्यामध्ये दिवा लागायला नको. तो मिणमिणला. कॉईलला बारीक चीर पडली होती आणि वीज पाण्यात गळत होती. चला, चोर सापडला. जुनी कॉईल पिशवीत टाकली, रिक्षा केली आणि मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात गेले. दुकानदाराने कॉईल हातात घेऊन विचारलं, मिस्त्री कुठे आहे? मी म्हटलं, समोर उभी आहे. त्याने मग जास्त न बोलता बरोब्बर त्याच मापाची काढून दिली.

बारा वाजता गिझर परत भिंतीवर होता. पाणी भरलं, तापवलं. मी स्वतः ओल्या पायांनी उभं राहून आधी टेस्टर लावला, मग उलटा हात तोटीला लावला. काही नाही. झिणझिणी नाही, मुंगीसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसले.

एक वाजता ईनबाई आल्या. मी काही लपवलं नाही, कॉईल दाखवली, चीर दाखवली. त्यांनी बाथरूममध्ये जाऊन स्वतः तोटी सोडली, हात धुतले, पुन्हा धुतले. जेवायला बसलो. भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या की पोरगी इथेच राहू म्हणते, तुम्हीही दुरुस्त केलंच आहे, तर सव्वा महिना होईपर्यंत राहू द्या. पोरीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जिंकली बाप्पा लढाई.

आणि मग ती जुनी खोड आडवी आली. लॅबमध्ये दुरुस्तीनंतर शेवटची तपासणी झाल्याशिवाय मी वस्तू टेबलावर ठेवायची नाही. ईनबाई बडीशेप खात होत्या तेव्हा मी होल्डरला लावलेला शंभरचा बल्ब घेऊन बाथरूममध्ये गेले. त्याची एक तार फेजला, दुसरी अर्थला. अर्थिंग नीट असेल तर बल्ब लख्ख लागतो. आमच्या बल्बची फक्त तार लाल झाली, विझत्या उदबत्तीएवढी.

म्हणजे अर्थिंग मेलं होतं. म्हणजे कॉईलने चोरी केली खरी, पण चोराला वाट मी दिली होती. जमिनीची वाट चालू असती तर ती गळकी वीज मावशीच्या हातापर्यंत पोचलीच नसती. दीड महिन्यापासून त्या खड्ड्यावर लाल-करडी नक्षी होती, आणि पाण्याचा थेंब नाही. मावशीचं एक अक्षर खोटं नव्हतं. मी देव बुजवला होता.

सांगायला लाज वाटते, पण मनात आलंच. कॉईल नवीन आहे, आज काही होणार नाही. ईनबाई चार वाजता जातील. उद्या सकाळी गवंड्याला बोलावून चुपचाप उकरून घेता येईल. कोणाला कळणार आहे? या बल्बची भाषा या घरात मला एकटीला येते. आणि सांगितलं तर काय? ईनबाई पोरीला घेऊन जातील, आणि उभ्या अमरावतीत सांगतील की अकोल्याच्या ईनबाईंनी शोभेसाठी अर्थिंग झाकलं. पण उद्या सकाळच्या आधी संध्याकाळी बाळाचे हातपाय धुवायचे होते. याच पाण्याने.

मी बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं, सब्बल आणा.

हे गोंधळले. ती लोखंडी पहार कुठे ठेवली आहे हेच यांना माहीत नव्हतं. मीच जिन्याखालून काढली, पदर खोचला आणि फाटकाजवळच्या नक्षीत घातली. पहिला ब्लॉक निघायला वेळ लागला, मग पटापट निघाले. ईनबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. पोरगी बाळाला घेऊन दारात. मावशी तेल-मालिशचं सामान न्यायला आली होती, ती फाटकात.

ईनबाईंनी विचारलं, "काय करून राहिल्या वो तुमी?"

"चूक दुरुस्त करून राहिली," मी म्हटलं. "कॉईल फुटली ते नशीब. पण मावशीले झटका बसला तो माह्या हातानं. तुमच्या चपला खराब होऊ नये म्हणून मी अर्थिंगवर फरशी घातली. पोरीले न्यायचं असंन तं न्या. पण हे बुजवून मी तुमाले पाणी चांगलं हाय म्हणणार नाई."

मग मावशीकडे वळले. तिला म्हटलं, सकाळी मी बोलले ते चुकलं, तू म्हणत होती तेच खरं होतं. मावशीने नुसती मान हलवली. माझ्याकडून असलं ऐकायची तिलाही सवय नव्हती.

शेवटचे ब्लॉक निघाले. खालची माती वाळून पाइपपासून सुटली होती, मधल्या फटीत माझी चार बोटं सहज गेली. मी मीठ टाकलं, कोळसा सारखा केला, आणि ह्यांना पाणी आणायला सांगितलं. पहिली बादली त्या जमिनीने आवाज करत पिऊन टाकली. दुसरीही. तिसरी आणली ती ईनबाईंनी. नऊवारी सावरत त्यांनी ती अशी हळू ओतली की माती वाहून जाऊ नये. शेतकऱ्याच्या घरची बाई, पाणी कसं द्यायचं ते तिला सांगावं लागत नाही.

मधेमधे मी आत जाऊन बल्ब लावून पाहत होते. आधी लाल, मग पिवळा. पाच बादल्यांनंतर तो असा लागला की बाथरूमच्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळीसुद्धा दिसली. मी तो होल्डर तसाच धरून सगळ्यांना बोलावलं. हे म्हणाले, एवढ्या दिव्यासाठी एवढा राडा?

ईनबाईंनी बल्बकडे पाहिलं, मग माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे.

"तुमी सांगतलं नसतं तं मले समजलं नसतं," त्या म्हणाल्या.

"हाव," मी म्हटलं.

"मंग पोरगी इथंच राहीन."

आणि चपला घालून, उकरलेल्या अंगणातून, चिखलातून त्या गाडीकडे गेल्या.

त्या आठवड्यात आम्ही वीज गळाली की आपोआप बंद करणारा स्विचही बसवून घेतला. खड्ड्यावर फरशी परत घातली नाही. चार विटांचं आळं पुन्हा केलं, लाल-करड्या नक्षीत मधेच ते ठिगळासारखं दिसतं आणि मला ते फार आवडतं. मावशीने पुन्हा हळदकुंकू लावलं. या खेपेला मी पुसलं नाही.

सव्वा महिना झाला. बाळ माझ्या हातच्या पाण्याने गुटगुटीत झालं, हे मी म्हणते म्हणून नव्हे, डॉक्टरीणबाईंनी वजन करून सांगितलं. आम्ही पोरीला पोचवायला अमरावतीला गेलो. दारात ईनबाई भाकरीचा तुकडा आणि ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. पोरगी उंबऱ्यावर पाय ठेवणार तेवढ्यात त्यांनी तिला हाताने थांबवलं. मला वाटलं, काय चुकलं आता?

ईनबाई मला म्हणाल्या, आमच्या सोलरमध्येही ढगाळ दिवसासाठी विजेची कॉईल आहे, पंधरा वर्षांत ती कोणी पाहिली नाही, आणि अर्थिंग कुठे आहे ते घरात कोणालाच माहीत नाही. मग ताट तसंच हातात धरून त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली.

"आधी तुमी पाहून या. मंग बाळ आत येईन."

माझ्या पिशवीत बाळाच्या झबल्या-टोपड्यांखाली होल्डर आणि बल्ब होताच. मी चपला काढल्या आणि एकटी आत गेले. मागच्या अंगणात, नळाच्या सांडपाण्याने कायम ओल्या असलेल्या कोपऱ्यात, त्यांचा पाइप सापडला. बाथरूममध्ये येऊन तारा लावल्या. बल्ब लख्ख लागला. घरातली सगळी माणसं बाहेर उंबऱ्यापाशी उभी, आणि ओवाळणीचा दिवा वाऱ्याने हलत असलेला मला आतूनही दिसत होता.

मी तिथूनच आवाज दिला, "आणा आत."